घरच्या माणसाला कसली चिठ्ठी

आमच्या दवाखान्यात माझ्या आजाचा एक किस्सा सगळ्यांना पाठ आहे. नवीन डॉक्टर रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी चहासोबत तो त्याच्या गळी उतरवतोच. मीही पन्नास वेळा सांगितला असेल, आणि दर वेळी छाती फुगवून सांगितला. आता कोणी सुरुवात केली की मी उठून जाते. लोक म्हणतात, रक्षा सिस्टर तिरसट आहे. आहेच मी तिरसट. पण त्या किश्श्यावर माझा राग का, ते एकदा नीट सांगून टाकते.

माझा आजा मंगरू मडावी वर्धा जिल्ह्यातल्या बोरच्या जंगलाकडचा. हिंगणीच्या पुढे ट्रस्टचा हा दवाखाना बांधायला घेतला तेव्हा तो दगड फोडायला आला, आणि बांधून झाल्यावर परत गेलाच नाही. तेव्हा आत जंगलातल्या गावांना रस्ते नव्हते. बाजेला दोन बांबू बांधून पेशंट उचलून आणायचं काम आजाकडे आलं. पुढे आजी सखू बाळंतपणाच्या खोलीत कामाला लागली. गोंडी बोलणाऱ्या बायका डॉक्टरांसमोर तोंड उघडत नसत. आजी त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याच बोलीत हळूहळू सगळं काढून घ्यायची आणि डॉक्टरांना मराठीत सांगायची. दोघंही शाळेत गेले नव्हते, पण त्यांच्यावाचून या दवाखान्याचं एक पान हलत नसे.

किस्सा बासष्ट सालचा आहे. आजाला हिवताप भरला. कांबळं पांघरून तो चिठ्ठीच्या रांगेत सगळ्यांच्या मागे उभा राहिला, आणि तोही पुढच्या माणसापासून दोन हात लांब, कारण चिकटून उभं राहायची त्याला सवयच नव्हती. किराण्याच्या दुकानापासून जंगलखात्याच्या नाक्यापर्यंत त्याला जन्मभर लांबच उभं केलेलं. ज्यांनी दवाखाना काढला ते मोठे डॉक्टर व्हरांड्यातून चालले होते. ते थांबले, आजाचा हात धरून त्याला रांगेतून बाहेर काढलं आणि चार लोकांदेखत म्हणाले, "मंगरू, घरच्या माणसाला कसली चिठ्ठी?" मग स्वतःच्या खुर्चीशेजारी बसवून त्याला तपासलं.

आजा हे सांगायचा तेव्हा मोठ्या डॉक्टरांचं ते वाक्य दोनदा म्हणायचा. चौऱ्याण्णव साली तो गेला, त्याच्या आदल्या महिन्यातही त्याने ते तसंच म्हटलं होतं. बासष्टच्या त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी चिठ्ठी काढली नाही. माझे बाबा नागेश, माझी माय रुख्मिणी, मी, सगळे इथेच कामाला लागलो, आणि सगळे चिठ्ठीवाचून बरे झालो. डोकं दुखलं, ताप आला, की राउंड संपवून निघालेल्या डॉक्टरांना व्हरांड्यात गाठायचं. "साहेब, असं असं होऊन राह्यलं." साहेब चालता चालता दोन प्रश्न विचारणार, खिशातून गोळ्यांची पट्टी काढून देणार. बाकी जगाने खिडकीवर रांग लावायची, चिठ्ठी काढायची, आत नाव-गाव सांगून काट्यावर उभं राहायचं, मग केसपेपर तयार होऊन डॉक्टरच्या टेबलावर जायचा. आम्ही मात्र घरचे.

गंमत अशी की ते सगळे केसपेपर सांभाळायचं काम माझ्या बाबांकडेच होतं. एकाहत्तर सालापासून रेकॉर्ड रूम म्हणजे नागेश मडावी. लाल कापडात बांधलेले सालवार गठ्ठे, उधळी, वाळवी लागू नये म्हणून चारी कोपऱ्यांत कडुलिंबाचा पाला, आणि मध्ये चष्मा कपाळावर चढवून बाबा. कोणी म्हातारी यायची. नंबर हरवलेला, साल आठवत नाही. बाबा विचारायचे, "तवा तुह्या पोराचं लगन झालतं का? विहीर खंदली होती का?" दोन-तीन प्रश्न झाले की ते उठायचे आणि बरोबर गठ्ठ्याला हात घालायचे. डॉक्टर लोक पैज लावायचे आणि हरायचे. त्यांना याचा गर्व होता, आणि का नसावा? पंचक्रोशीतल्या माणसाचा कागद नागेशभाऊला सापडला नाही असं कधी झालंच नव्हतं.

माय ऑपरेशनच्या खोलीत होती. हत्यारं उकळायची, चादरी बॉयलरला लावायच्या, गॉजच्या घड्या करायच्या. तिच्या घड्या इतक्या सारख्या असायच्या की आम्ही सिस्टर तिला चिडवायचो, "काकू, फूटपट्टी गिळली का तुम्ही?" ड्युटीवर मीही तिला काकूच म्हणायचे. ती मला म्हणायची सिस्टर. घरी गेल्यावर मात्र माझी वेणी ओढायची.

तिला पोटात जळजळ कधी सुरू झाली ते मला माहीत नाही. ही गोष्ट लिहिताना सगळ्यात जड जाणारं वाक्य हेच. मी नर्स. दिवसभर लोकांच्या आयांना विचारते, कधीपासून त्रास आहे, भूक लागते का, वजन उतरलं का. माझ्या मायला मी विचारलं नाही. एकदा ती म्हणाली, "सिस्टर, ते गुलाबी औषध दे वं थोडंसं," आणि मी वॉर्डाच्या कपाटातून बाटली काढून दिली. ती संपली तेव्हा दुसरी दिली. तिसरीही दिली असेन, कुठे लिहिलेलं नाही.

आणि डॉक्टर? आमच्याकडे तरुण डॉक्टर वर्षभरासाठी येतात आणि वर्ष भरलं की जातात. मायने एकाला व्हरांड्यात सांगितलं, त्याने अॅसिडिटीची गोळी दिली. तो गेला, दुसरा आला, त्याला नव्याने सांगितलं, त्यानेही तीच दिली. तिसऱ्यालाही तेच. प्रत्येकाला वाटलं, काकूंना आठवड्यापासून त्रास आहे. कुणाचीही चूक काढता येत नाही. चालता चालता कोणी जेवढं करू शकतो तेवढं त्यांनी केलं, आणि काकू घरच्या म्हणून जरा जास्तच आपुलकीने केलं.

दोन हजार पाच सालच्या दिवाळीत मी तिला ब्लाउज उसवून आत घेताना पाहिलं. विचारलं तर म्हणाली, "कपडाच सैल पडला." मी मानलं. जानेवारीत एका दुपारी हत्यारांचा ट्रे घेऊन येताना ती दारातच खाली बसली आणि ओकली. त्यात काळं रक्त होतं. ते बघितल्यावर मात्र मला कोणी काही सांगायची गरज राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे आम्ही कोणाच्याच घरचे नव्हतो. नंबर लागला, दुर्बीण घालून तपासलं, आणि संध्याकाळच्या आत डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. त्यांनी आधी माझा गणवेश पाहिला, मग बाबांच्या खिशाला लटकलेलं ओळखपत्र.

"तुम्ही दोघं दवाखान्यातच काम करता?"

"हाव," बाबा म्हणाले. "तिघं. हे बी. माही माय बी होती, बाप बी होता."

"मग आधीचे कागद द्या."

बाबांचा हात सवयीने वर आला. पस्तीस वर्षं कोणी कागद मागितला की तो हात गठ्ठ्याकडे जायचा. तो टेबलाच्या वर हवेतच थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

"कागद नाई, म्याडम."

"एकही नाही? एखादी चिठ्ठी? वजन कधी केलं होतं?"

"नाई केलं."

"त्रास कधीपासून आहे?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी बाबांकडे. मायनेच उत्तर दिलं. खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून, तिने तारखा काढल्या, तिच्या पद्धतीने. "कडू डॉक्टर होते तवा सुरू झालं. त्याईची बायको बाळंतपनाले गेलती, तवा त्याईले डबा मी देत होती. मंग लाखे डॉक्टर आले, तवा दोन घासातच पोट भरे. आता हे नवे आलेत, तवापासून ते बी जात नाई."

डॉक्टरीणबाईंना यातलं काही कळलं नाही. बाबांना कळलं. कोणता डॉक्टर कधी आला आणि कधी गेला, हे त्यांना तोंडपाठ. ते खाली मान घालून म्हणाले, "कडू डॉक्टरची बायको गेलती जून दोन हजार तीनमदी." ऑफिसात तारीख सांगावी तशी सांगितली.

अडीच वर्षांच्या वर झाली होती. पोटाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला होता. डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सिस्टर, पहिल्या वर्षात नुसतं वजन लिहिलेलं असतं तरी कोणीतरी थांबून विचार केला असता." मला ते माहीत होतं. बावन्न, सत्तेचाळीस, एक्केचाळीस, असे तीन आकडे एकाखाली एक कागदावर आले असते तर शिकाऊ पोरगी सुद्धा दचकली असती. पण आकडे काट्यावर उभं राहिलं तर येणार. काट्यावर उभं राहायला चिठ्ठी लागते. आणि आम्हाला कसली चिठ्ठी?

दोन दिवसांनी सकाळी तिथून सुट्टी मिळाली, आणि परतीच्या जीपमध्ये आम्ही पवनारचा पूल ओलांडला. सेलू आल्यावर माय म्हणाली, "मले आपल्याच दवाखान्यात ठेवजा." बाबा हो म्हणाले.

सोमवार होता, ओपीडीची सगळ्यात मोठी गर्दी. मायला स्ट्रेचरवर व्हरांड्यात ठेवलं. आजी घरून येऊन तिच्या उशाशी बसली होती. वॉर्डात खाट तयारच होती, कोणी अडवणारं नव्हतं. मी स्ट्रेचर ढकलायला घेतलं तर बाबा म्हणाले, "थांब." आणि जाऊन चिठ्ठीच्या रांगेत शेवटी उभे राहिले.

रांगेतल्या अर्ध्या लोकांचे कागद त्यांच्या हाताखालून गेलेले. लोक बाजूला सरकायला लागले. "नागेशभाऊ, तुमी होऊन जा पुढं." ते हलले नाहीत. खिडकीतून धर्मेंद्र क्लार्कने मान बाहेर काढली. "काका, तुमी काऊन उभे? आत या ना. काकूचं नाव मी असंच चढवतो."

"असंच नको चढवू," बाबा म्हणाले. "मी येतो लाइनीतून."

पाऊण तास लागला. आजी स्ट्रेचरपाशी बसून सगळं बघत होती आणि आतल्या आत धुमसत होती. शेवटी मला म्हणाली, "तुह्या बापाचं डोकं फिरलं. बाई मरून राह्यली अन् हा लाइनीत उभा. मंगरू असता तर कानफटात देली असती." मला तेव्हा दोघांचाही राग आला. मायचा हात माझ्या हातात होता आणि त्यात हाडांखेरीज काही उरलं नव्हतं.

चिठ्ठी घेऊन आल्यावर बाबांनी मायला माझ्या मदतीने उचलून काट्यावर धरलं. चौतीस किलो. मग कोरा केसपेपर घेऊन, स्ट्रेचरच्या कडेला बसून, त्यांनी स्वतः लिहिलं. मला भीती होती की ते मागच्या तारखा घालून तीन वर्षांचे रकाने भरतील. हात त्यांचा, शिक्का त्यांचा, विचारणारं कोणी नव्हतं. पण त्यांनी त्या दिवसाचीच तारीख घातली.

"काय लिवलं?" मायने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

बाबांनी वाचून दाखवलं. "रुख्मिणी नागेश मडावी. वय त्रेपन्न. वजन चौतीस. त्रास जून दोन हजार तीनपासून, असं पेशंट सांगते. आधीचे कागद, नाहीत."

मायने कागदावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आता झाला ना. नीट ठेवजा."

ती एकोणीस दिवस राहिली. पहिला आठवडा खाटेवर बसून गॉजच्या घड्या करत होती. नको म्हटलं तर रागवायची. पुढे हात चालेनासे झाले. बाबा रोज सकाळी रेकॉर्ड रूम उघडायच्या आधी येऊन तिचा कागद वाचायचे, आदल्या दिवशी डॉक्टरांनी काय लिहिलं ते तिला सांगायचे. ती ऐकायची. कोणीतरी आपल्याबद्दल रोज लिहितं याचं तिला नवल वाटत असावं. शेवटच्या दुपारी ती आजीकडे वळून "येर" म्हणाली. गोंडीत पाणी. दवाखान्यात तीस वर्षं ती मराठीशिवाय बोलली नव्हती. आजीने चमच्याने दोन थेंब पाजले. दोन वाजून वीस मिनिटांनी ती गेली. ड्युटी माझी होती, म्हणून वेळ मीच लिहिली. तिच्या केसपेपरवरची शेवटची ओळ माझ्या अक्षरात आहे. ते अक्षर चांगलं आलं नाही.

दिवस झाले आणि बाबा कामावर आले. कागद पूर्वीसारखेच शोधून देत. आजीला घरात एकटीला बसवत नसे म्हणून ती रोज दवाखान्यात यायची, व्हरांड्याच्या बाकावर बसायची. तिच्या पायावर सूज येत होती. चालताना धाप लागायची. मी हे पाहिलं होतं आणि तिला दाखवायचं आहे हे मनात धरलं होतं. पण आजी माझ्यासाठी कशाला थांबते? एप्रिलच्या एका सकाळी तिने नव्या डॉक्टरांना नेहमीप्रमाणे व्हरांड्यात गाठलं.

"सायेब, पाय सुजून राह्यले."

डॉक्टरांनी हसून वाकून बघितलं. "वय झालं ना आजी. पाय उशीवर ठेवून झोपत जा. थांबा, एक गोळी देतो." त्यांचा हात खिशात गेला.

रेकॉर्ड रूमच्या दारात बाबा उभे होते. "साहेब," ते म्हणाले, "गोळी नका देऊ. तिची चिठ्ठी नाई."

डॉक्टर गोंधळले. आजी मात्र उठून उभी राहिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण आवाज पार शेवटच्या वॉर्डापर्यंत गेला. "माह्या नवऱ्याले मोठ्या डॉक्टरनं हाताले धरून लाइनीतून काढलं होतं. सगळ्या गावादेखत. त्याच लाइनीत तू मले उभं करून राह्यला? आपल्याले कोनी घरचं म्हनत नव्हतं, नागेश. इथं म्हटलं. ते तू मोडशील?"

झाडू मारणारा चिंधू झाडू धरून तसाच थांबला. मला वाटलं बाबा चिडतील. मला स्वतःला ओरडावंसं वाटत होतं, आणि कुणाच्या बाजूने ते मला ठरवता येत नव्हतं. आजीचं खोटं नव्हतं. तो मान आमच्या घरातली सगळ्यात मोठी कमाई होती, आणि माझी माय त्या मानापायीच गेली होती.

बाबा आजीजवळ गेले. हळू म्हणाले, "माय, वर्ध्याले मले रुख्मिणीचा कागद मांगला. साऱ्या मुलखाचे कागद हायेत माह्यापाशी. तिचा नव्हता."

एवढंच म्हणून ते आत निघून गेले. आजी बाकावर बसली. डॉक्टरांनी पुढे केलेली गोळी तिने हातात घेतली नाही. दुपारभर ती तशीच बसली होती आणि मग कोणाला न सांगता घरी गेली. रात्री लवकर जेवून निजली. मला वाटलं, आता ही दवाखान्याची पायरी चढत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आठला ड्युटीवर आले तेव्हा ती माझ्या आधीच पोचली होती. सणासुदीचं हिरवं लुगडं नेसलेली, केसांना तेल लावलेलं. चिठ्ठीच्या रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभी. पुढच्या बाईपासून दोन हात लांब. ती जागा सोडून का उभी राहिली हे तिलाही सांगता आलं नसतं. चिंधूने स्टूल आणून ठेवलं, तिने नको म्हणून मान हलवली. मी जाऊन तिच्या मागे उभी राहिले आणि माझ्या अंगाने तिला हळूच पुढे सरकवलं, तेव्हा कुठे ती रांगेला चिकटली. तिने मागे वळून पाहिलं नाही. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

रेकॉर्ड रूमच्या दारात बाबा चष्मा कपाळावर चढवून उभे होते. हातात कोरा केसपेपर होता.

तिचा नंबर आला. धर्मेंद्रने नाव लिहिलं, गाव लिहिलं, वय विचारून लिहिलं. पुढचा प्रश्न तो दिवसातून दोनशे वेळा विचारतो, तसाच मान वर न करता विचारला, "आजी, आधी कधी दाखवलं होतं का इथं?"

आजीने खिडकीची कड धरली.

"नाई बापू," ती म्हणाली. "आमी घरचे होतो."